मोडलेल्या हाडाची साक्ष

वृद्ध माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि घरातील मंडळी म्हणतात, "वयच झाले, पडण्याचे केवळ निमित्त." या उद्गारात सहानुभूती असते, परंतु त्यातच एका मोठ्या चुकीचे बीजही असते. उभ्याने पडल्यामुळे निरोगी हाड सहसा मोडत नाही. ते मोडले, याचा अर्थ ते आधीच दुबळे झालेले होते. हा साधा अर्थ वैद्यकाच्या ध्यानी कसा आला, आणि ध्यानी आल्यावरही तो अमलात येण्यास किती काळ लागला, हा इतिहास उद्बोधक आहे.

वय आणि हाड यांचा संबंध प्राचीनांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचा स्वतंत्र विचार आहे. पहिल्या वयात मोडलेले हाड एका महिन्यात दृढ होते, मध्यम वयात त्यास दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे तेथे सांगितले आहे. युरोपात लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली अस्थिभंगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वार्धक्यात हाडांचे कवच पातळ होते, आतील रचना विरळ होते आणि खुब्याचा भंग स्त्रियांत अधिक आढळतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले. त्याच शतकाच्या पूर्वार्धात स्ट्रासबुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ लोबस्टाइन यांनी या अवस्थेला 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडांची सच्छिद्रता, हे नाव दिले. नाव मिळाले, पण कारण मिळाले नव्हते.

कारणाचा एक धागा १९४१ साली हाती आला. बोस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी दाखवून दिले की, हा विकार जडलेल्या त्यांच्या रुग्णांत ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रियाच बहुसंख्य होत्या. स्त्रीरसाचा अभाव आणि हाडांचा ऱ्हास यांची सांगड अशी जुळली. तो रस बाहेरून देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. मात्र २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, खुब्याचे भंग कमी झाले तरी स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढतो, असे आढळले, आणि तिचा सरसकट वापर मागे पडला.

दरम्यान दुसरे उपाय सिद्ध होत होते. नळांत क्षारांचा थर बसू नये म्हणून उद्योगधंद्यांत काही फॉस्फरसयुक्त द्रव्ये वापरली जात. त्यांच्याच जातीची संयुगे हाडांची झीज रोखतात, असे स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली दाखविले. त्यांपैकी ॲलेंड्रोनेट या औषधास अमेरिकेत या विकारासाठी १९९५ साली मान्यता मिळाली. हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणारे आजचे यंत्र १९८७ च्या सुमारास प्रचारात आले, आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने रोगनिदानाची सीमारेषा आखून दिली.

म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस मोजमाप होते आणि औषधही होते. तरीही रुग्ण उपेक्षितच राहिला. अस्थिशल्यविशारद मोडलेले हाड जोडून देई, त्याचे काम तेथे संपे. नेहमीच्या वैद्याला वाटे, इस्पितळात सर्व पाहिलेच असेल. मनगट मोडलेली स्त्री प्लास्टर काढून घरी जाई, आणि काही वर्षांनी खुबा मोडून परत येई. खुबा मोडलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे कोणते ना कोणते हाड पूर्वी मोडलेले असते. त्या पहिल्या भंगाची साक्ष कोणी नोंदविलेली नसे.

हा दोष ज्ञानाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. ग्लासगो येथे १९९९ साली त्यावर साधी तोड काढण्यात आली. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक भंगग्रस्त रुग्णाची नोंद ठेवणे, त्याची तपासणी करविणे आणि उपचारांची व्यवस्था लावणे, हे काम एका प्रशिक्षित परिचारिकेकडे सोपविले गेले. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून दिलेल्या रुग्णांत नवे भंग ३५ टक्क्यांनी व मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

भारतात घनतामापनाची यंत्रे मुख्यतः शहरांत आहेत, आणि भरपूर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची उणीव सर्वत्र आढळते. पण यंत्र नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. साध्या पडण्याने वृद्धाचा खुबा मोडला, तर हाडे दुबळी असल्याचा तोच पुरेसा पुरावा मानावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. अशा वेळी घरच्यांनी हाड कधी जुळेल एवढेच न विचारता, ते मोडले का आणि दुसरे मोडू नये म्हणून काय करावयाचे, असेही वैद्यांना विचारावे. कूपरच्या काळी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हते. आज ते आहे. फक्त प्रश्न वेळेवर विचारला गेला पाहिजे.