अल्पकर्बोदकी आहारोपचार व दूरस्थ देखरेख

आहारातील कर्बोदके, म्हणजे पिष्टमय व शर्करायुक्त घटक, दिवसाला साधारणतः १३० ग्रॅमपेक्षा कमी ठेवून मधुमेह प्रकार २ मधील रक्तशर्करा आटोक्यात आणण्याची आणि रुग्णाच्या घरच्या नोंदी दूरध्वनीद्वारे तपासून औषधमात्रा बदलण्याची उपचारपद्धती. मालवण किनाऱ्यावरील (सिंधुदुर्ग जिल्हा) आहारात पेज, भात, घावणे व आंबोळी यांतून कर्बोदकांचा मोठा भाग येतो, कारण शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात ती सुमारे २८ ग्रॅम असतात. याउलट बांगडा, तारली, सुरमई या मासळीत ती जवळजवळ नसतात, त्यामुळे भात मोजका ठेवून मासळी व भाज्या वाढविल्यास हा आहार स्थानिक पदार्थांतूनच बेतता येतो. मात्र या आहारातील नारळाच्या संपृक्त मेदामुळे रक्तातील मेदाची तपासणी आवश्यक ठरते. दूरस्थ देखरेखीच्या संदर्भात, भारतात ‘ई-संजीवनी’ ही शासकीय दूरवैद्यक सेवा २०१९ पासून चालू असून दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये जाहीर झाली. इन्शुलिन घेणाऱ्यांची रक्तशर्करा कर्बोदके घटविताच धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून औषधबदल वैद्यकीय देखरेखीखालीच करतात. औषधांविना किमान तीन महिने एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दर्शविणारे प्रमाण) ६.५ टक्क्यांखाली राहिल्यास त्या स्थितीला रोगोपशम म्हणतात.