वुमकर नव्हे, वेलिणकर!

उलव्याला राहतो, त्यामुळे हल्ली डोक्यावरून विमान गेलं की मान आपोआप वर जाते. विमानतळाच्या नावावरून आपल्याकडे केवढी आंदोलनं झाली, तुम्हाला आठवत असेलच. दि. बां.चं नाव हवं, यात वाद नाही. पण नावांचा विषय आहेच, तर आणखी एक सांगतो.

श्रीकृष्ण वेलिणकर. मुंबईचा मुलगा, शिकायला केंब्रिजला गेलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात लढलेले जे चार भारतीय वैमानिक सांगितले जातात, त्यातला एक. बाकीचे तिघे हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरल सेन. रॉयने जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विमानं पाडली, त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. मलिक पुढे फ्रान्समध्ये आपले राजदूत झाले. आपला वेलिणकर कुणाच्या गावीही नाही.

आणि हे साहेबाने कौतुकाने घेतलेले लोक नव्हेत बरं का! मलिकांना आधी दारं बंदच होती. ते फ्रेंचांसाठी ॲम्ब्युलन्स चालवत होते, फ्रेंच हवाई दलात जायला निघाले, तेव्हा कुठे ऑक्सफर्डच्या गुरुजींनी ब्रिटिश जनरलला पत्र लिहिलं आणि १९१७ मध्ये दार उघडलं.

वेलिणकर २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. अजब विमान. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर. दिसायचं झकास, पण उतरताना विमान उलटलं की आधी डोकंच आपटणार. पॅराशूट? बलूनमधल्या निरीक्षकांना होतं, विमानवाल्यांना ब्रिटिशांनी दिलंच नाही. जर्मन वैमानिकांना मात्र १९१८ मध्ये मिळू लागलं होतं. याचा मला अजूनही राग येतो.

जूनच्या अखेरीस गस्तीवर असताना तो पडला, जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जून १९१८ ला गेला. वय तेवीस. जर्मनांनी पुरलं, वर नाव लिहिलं: ‘ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर’. परक्या जिभेला वेलिणकर कुठून जमणार! घरच्यांना थडगं कुठलं ते कळेना. युद्ध संपल्यावर शोधाशोध झाली, तेव्हा कुठे वुमकर म्हणजे आपलाच वेलिणकर हे उलगडलं.

आता तो फ्रान्समध्ये, आमियाँ शहराजवळच्या आंगार गावच्या दफनभूमीत आहे. दगडावर नाव बरोबर आहे. तिकडे कुणी जाणार असाल तर थोडी वाट वाकडी करा, आणि फोटो इथेच कमेंटमध्ये टाका.