लाल तिकोनीची बाटली

आमच्या घरी माजघरातल्या उंच फळीवर एक बाटली असे. जाड काचेची, गडद रंगाची. तिच्यात मध भरलेला असावयाचा. पोरांना खोकल्याची उबळ आली की आजी म्हणायची, "जा रे, ती तिकोनीची बाटली काढ." बाटलीवरचा कागद निम्माअधिक सोलवटून गेला होता, पण त्यावरचा लाल त्रिकोण मात्र शाबूत होता. मधाला हात लावायचा तो आजारपणातच, असा घरचा दंडक असल्यामुळे बाटलीची हाताळणी कमी, आणि म्हणूनच तो कागद टिकला असावा.

पुढे शाळेत जाऊ लागलो तेव्हा आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर तसाच लाल त्रिकोण रंगवलेला दिसला. मी घरी येऊन विचारले, "आजी, सरकारने आपल्या मधाची खूण कशाला घेतली?" आजीने पदर तोंडाला लावला आणि आई स्वयंपाकघरात निघून गेली. कुटुंबनियोजनाचा त्रिकोण टोक खाली करून असतो आणि आमचा टोक वर करून उभा होता, एवढा फरक समजावयाला मला पुष्कळ वर्षे लागली.

ती बाटली बिअरची होती. आजोबा देवळालीच्या छावणीत एका ठेकेदाराकडे हिशेब लिहीत. गोऱ्या शिपायांच्या रिकाम्या बाटल्या तिथून पोत्यांनी बाहेर पडत आणि गावोगाव कुठे रॉकेल, कुठे एरंडेल, कुठे मध भरून संसाराला लागत. आजोबांनी तिच्यातले कधी घेतले की नाही, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. मी स्वतः बिअर चाखलेली नाही. तेव्हा चवीविषयी ज्यांना काही हवे असेल त्यांनी हे पान उलटावे. मला लिहावयाचे आहे ते त्या कागदाविषयी, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

चूक अशी. काही वर्षांपूर्वी देवळालीच्या छावणीवर मी एक कादंबरी लिहिली. तिच्यात एक म्हातारा सार्जंट तरण्या शिपायाला गोष्ट सांगतो: हिंदुस्थानात बिअर पोचेपर्यंत आंबून जाई, साहेबलोक हैराण झाले, तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसन नावाच्या कलालाने डोके चालवले, हॉपची कडू फुले जास्त घातली, बिअर कडक केली, आणि अशा रीतीने 'इंडिया पेल एल' जन्माला आली. ही गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. सोपी, ऐटबाज, तोंडात घोळावी अशी. मला इतकी आवडली की मी ती वर्गातही चार-पाच वर्षे सांगितली. मग एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो आता नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. लिहिले होते, "सर, ही गोष्ट खरी नाही. तुम्हीच आम्हाला सांगत असा की पुरावा विचारावा."

विद्यार्थ्याने शिक्षकाचे वाक्य शिक्षकालाच परत करावे, याहून मोठी गुरुदक्षिणा नाही आणि याहून झोंबणारीही नाही. मी शोधू लागलो.

इंग्लंडातील मार्टिन कॉर्नेल या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे आणि कारखान्यांच्या वह्या चाळून या दंतकथेची शिवण उसवली आहे. हॉजसन होता, हे खरे. त्याचा कारखाना १७५२ पासून लंडनच्या पूर्वेस बो येथे होता. पण त्याचे भाग्य त्याच्या कृतीत नव्हते, पत्त्यात होते. तिथून नदीने थोडे खाली गेले की ब्लॅकवॉल. आणि ईस्ट इंडिया कंपनीची गलबते तिथेच नांगरत. या गलबतांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्ष उधार देई. वाण्याचे दुकान चौकात असावे आणि खाते उघडे असावे, मग माल कसा का असेना, गिऱ्हाईक हलत नाही. हे आपल्याला कोणी इंग्लंडातून येऊन शिकवावयाला नको.

बरे, माल तरी नवा होता का? तोही नव्हता. इंग्लंडातले जमीनदार आपल्या वाड्यांत ऑक्टोबर महिन्यात फिक्या जवाची कडक बिअर गाळीत आणि वर्ष-दोन वर्षे मुरत ठेवीत. जवळजवळ त्याच जातीची ही बिअर. उष्ण देशात पाठवावयाच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावे हा सल्लाही १७६० च्या दशकापासून कलालांना ठाऊक होता. कलकत्ता गॅझेटमध्ये १७८४ साली पेल एलची जाहिरात आहे, हलकी आणि उत्तम म्हणून. तिच्यात हॉजसनचे नाव नाही. ते दिसते १७९३ मध्ये. आणि बिअर वाटेत आंबून जाई म्हणावे, तर काळी पोर्टर बिअर त्याच गलबतांतून त्याच समुद्रावरून सुखरूप येत होती. केपला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा तो प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडावयाचे. पिंपातली कडक बिअर त्या हेलकाव्यात आणि उकाड्यात बिघडली नाही, उलट लवकर मुरली. हा शोध कोणी लावला नाही. तो लागला.

पोर्टरची गोष्ट आली म्हणून सांगतो. हिंदुस्थानात आलेली बहुतेक बिअर पेल एल नव्हतीच, असे म्हटले तरी चालेल. फौजेसाठी सरकार जी पिंपेच्या पिंपे मागवी ती पोर्टरची. पेल एल प्यायची कलेक्टरांनी, कर्नलांनी. साध्या शिपायाच्या वाट्याला काळे. माझ्या कादंबरीतल्या सार्जंटने तरुणपणी जे प्याले असते ते पेल एल नव्हे. म्हणजे गोष्ट चुकली ती चुकलीच, सांगणारा माणूसही चुकला.

मग ही गोष्ट आली कुठून? इथे मला गंमत वाटू लागली, आणि नंतर थोडा रागही आला. कारण जिथे जिथे धागा ओढावा तिथे टोकाला जाहिरात निघते.

१८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांना लोभ सुटला. त्यांनी भाव चढवले, उधारी बंद केली, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवू लागले. कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी १८२२ मध्ये बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला जेवावयास बोलावले आणि हिंदुस्थानची बाजारपेठ दाखवली. रशियाने जकात वाढवल्यामुळे बर्टनचा धंदा तेव्हा बुडत होता. ऑलसॉपने हॉजसनची बिअर गावी नेली. जॉब गुडहेड नावाच्या त्याच्या माणसाने ती चाखून पाहिली आणि चहाच्या किटलीत पहिला नमुना तयार केला, असे सांगतात. किटली पुढे फार प्रसिद्ध झाली. पण ती येते कुठे, तर १८५३ सालच्या एका पुस्तकात; आणि ते पुस्तक ऑलसॉपची तळी उचलणारे होते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८५२ मध्ये, एक भानगड झाली होती. इंग्रजी कडू बिअरमध्ये कडवटपणासाठी कुचल्याचे विष घालतात, अशी आवई पॅरिसहून उठली. ऑलसॉपने काय करावे? त्याने थॉमस ग्रॅहम आणि हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांकडून बिअर तपासून घेतली, थेट जर्मनीतून लीबिग यांचे प्रशस्तिपत्र मिळवले, डॉक्टरांची पत्रे गोळा केली, आणि हे सारे वर्तमानपत्रांतून छापत सुटला. लीबिग म्हणजे त्या काळचा रसायनशास्त्रातला सूर्य. 'डॉक्टर सांगतात' म्हणून विकण्याची ही युक्ती पुढे किती चालली! आयर्लंडच्या गिनेस कंपनीने १९२९ पासून जाहिराती सुरू केल्या त्याही 'गिनेस प्रकृतीला चांगली' याच पालुपदावर. त्या भित्तिचित्रांतला टूकन पक्षी जॉन गिलरॉयने काढला, आणि त्या जाहिरात संस्थेत डोरोथी सेयर्स ही रहस्यकथा लिहिणारी बाई नोकरीला होती. आम्हा लेखकांना पोटासाठी काय काय करावे लागते, ते असो.

तिसरी कथा बुडालेल्या जहाजाची. १८२७ साली हिंदुस्थानला निघालेले एक जहाज फुटले, त्यावरची पिंपे लिव्हरपूलला लिलावात गेली आणि अशा रीतीने इंग्लंडच्या लोकांना या बिअरची चटक लागली. ही कथा प्रथम छापली गेली १८६९ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळाने. १८२७ चे ते जहाज कोणाला सापडलेले नाही. सापडले ते १८३९ च्या जानेवारीतल्या वादळात फुटलेले 'क्रूसेडर'. त्यावर बास आणि ऑलसॉप यांची बिअर होती. पण तोवर इंग्लंडात ती आधीच विकली जात होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव आजवर जे सर्वांत जुने छापील सापडले आहे ते ना कलकत्त्यातले ना लंडनमधले. ते १८२९ सालच्या सिडनीच्या वर्तमानपत्रातले आहे.

बर्टनच्या यशात खरा चमत्कार एकच, तो म्हणजे तिथले पाणी. विहिरीच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यामुळे हॉपचा कडूपणा स्वच्छ उतरतो आणि बिअर निवळशंख होते. याच गावी विल्यम बासने १७७७ मध्ये कारखाना काढला होता. शंभर वर्षांनी तो जगातला सर्वांत मोठा बिअर कारखाना झाला.

आता तो लाल त्रिकोण. बासचा माल जगभर गेला तशा त्याच्या नकलाही. रिकाम्या बाटल्यांत भलतेच भरून विकावयाचे, हुबेहूब कागद छापून चिकटवावयाचे, हा धंदाच होऊन बसला. इंग्लंडात १८७५ साली व्यापारी खुणांचा कायदा झाला. १ जानेवारी १८७६ ला नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर नोंदली गेली ती बासची लाल त्रिकोणाची खूण. कंपनीचा एक नोकर आदल्या रात्रभर कचेरीच्या दारात बसून होता असे सांगतात. इतक्या कथा फसव्या निघाल्यावर याही नोकरावर विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही, पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो खरा. १८८२ मध्ये माने या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमधल्या एका रंगमंदिरातली मद्य विकणारी मुलगी रंगवली. तिच्यासमोर संगमरवरी कट्ट्यावर त्या लाल त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट दिसतात. पुस्तकात ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आजीच्या फळीची आठवण झाली. मुलीच्या चेहऱ्याकडे मी नंतर पाहिले.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला. ताडी-माडीवर, गावच्या भट्टीवर सरकारचा हात पडला. १८९२ मध्ये तर मोहाची फुले वेचण्या-साठवण्यावरही कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल उचलणारा गुन्हेगार, आणि सात समुद्रांवरून आलेली बाटली सभ्य! छावणीचे कुंपण या दोहोंच्या मधून जात होते आणि आमचे आजोबा त्या कुंपणाशी बसून हिशेब लिहीत होते.

देवळालीविषयी एक सांगावयाचे राहिले. मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाण्याच्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून असत. बोटी निघत त्या हिवाळ्यातच. काम नाही, उन्हाळा भयंकर, पदरी पगार आणि समोर कँटीन. कित्येकांची डोकी फिरत. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत वेडसराला अजून 'डूलाली' म्हणतात. पुण्यात २००९ मध्ये जी लहान बिअर-भट्टी सुरू झाली तिने हेच नाव घेतले. तिच्या मालकांना शब्दाची चव कळते, एवढे मला मान्य करावे लागते.

अशा लहान भट्ट्यांचे वारे पश्चिमेतून आले. इंग्लंडात मोठ्या कंपन्यांची निर्जीव, वायू भरलेली बिअर नको म्हणून १९७१ मध्ये चार मित्रांनी चळवळ उभारली. १९७५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जत्रा भरवली आणि १९७७ पासून त्यांचा मोठा उत्सव सुरू झाला. अमेरिकेत फ्रिट्झ मेटॅगने १९६५ साली डबघाईला आलेला अँकर कारखाना हाती घेतला; घरी बिअर गाळण्यास तिथे १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली, आणि या नव्या कलालांनी जुने 'इंडिया' नाव पुन्हा वर काढले. आज अमेरिकेतल्या पोराला इंडिया म्हटले की आधी देश आठवतो की पेला, कोण जाणे.

मागल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याच्या आग्रहाने पुण्यातल्या अशा एका बिअरच्या जत्रेला गेलो. मी लिंबूसरबत घेतले. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही, म्हणून कंपन्या सोडा आणि पाणी यांच्या नावाने आपली नावे मिरवतात. पण जत्रेत आत गेल्यावर सगळे मोकळे. एका दुकानावर जुन्या धर्तीचे मोठे चित्र होते: हत्ती, ताडाची झाडे, टोपीवाला साहेब. खाली बारीक अक्षरांत हॉजसनची गोष्ट, अथपासून इतिपर्यंत. माझ्या कादंबरीत होती तशीच. दुकानातल्या मुलाला मी म्हटले, "बाळ, हे खरे नाही." तो नम्रपणे म्हणाला, "काका, पण लोकांना आवडते."

मला पुढे बोलता आले नाही. मलाही ती आवडली होती.

बर्टनमध्ये एक जुनी पद्धत होती. लाकडी पिंपांची रांग, प्रत्येकातून बाकदार नळी, तिच्यातून फसफसणारे यीस्ट वरच्या पन्हळीत चढावयाचे. ती वापरणारा अखेरचा मोठा कारखाना २०२४ मध्ये ती मोडीत काढावयास निघाला, तेव्हा थॉर्नब्रिज नावाच्या एका लहान कारखान्याने त्यातला एक संच उचलून नेला. त्यात आता पुन्हा बिअर मुरते. इंग्लंडातल्या विद्यार्थ्याने हे मला कळवले आणि पत्राच्या शेवटी विचारले, "सर, तुमच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती कधी?"

प्रकाशकांकडे अजून पहिलीचे गठ्ठे आहेत. माझ्याकडच्या प्रतीत मी सार्जंटच्या हातातला पेला बदलला आहे. पानावर पेल एल खोडून पोर्टर लिहिले, आणि समासात एक वाक्य घातले: गोष्ट ऐकून झाल्यावर तो तरणा शिपाई विचारतो, "हे तुम्हाला कोणी सांगितले?" सार्जंट बाटलीवरच्या कागदाकडे बोट दाखवतो.

बाटली आता माझ्या टेबलावर आहे. धुऊन ठेवली तरी तळाशी मधाचा चिकट वास आहे, आणि पावसाळ्यात मुंग्या अजून येतात.