वैद्याची बाकी

कोणाला त्याची मिळकत विचारू नये, असे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. पण वैद्य-डॉक्टरांच्या बाबतीत हा नियम कोणी पाळत नाही. शेजारच्या दुकानदाराने माडी चढवली तर गाव म्हणते, कष्टाने कमावले. डॉक्टरने चढवली तर म्हणते, आमच्या दुखण्यावर चढवली. यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राणांबरोबर पैसेही नेतो, असा टोमणा मारणारे संस्कृत सुभाषित आपल्या पूर्वजांनीच रचून ठेवले आहे. तेव्हा तक्रार काही आजची नव्हे. मग वैद्याने पोट भरावे कशावर? चार पैसे अधिक हवेसे वाटले, तर ते मागावे कोणाकडे? आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात हिंडताना आणि जुनी कागदपत्रे चाळताना हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

जुन्नरभोवतीचे डोंगर लेण्यांनी पोखरलेले आहेत. तिथले शिलालेख वाचले की नवल वाटते, कारण त्यांत देवाधर्मापेक्षा हिशेबच पुष्कळ. आडुथुम नावाचा एक शक उपासक वडालिका गावची २० निवर्तने जमीन देतो, कटपुतकाची ९ देतो. बुरुडकाम करणारे, कासार, धान्यवाले यांच्या श्रेणी या लेखांतून भेटतात. श्रेणी म्हणजे त्या काळची पेढीच. नाशिकच्या लेण्यात तर उषवदाताने कोष्ट्यांच्या श्रेणीत ठेवलेल्या ठेवीवर दरमहा शेकडा १ आणि शेकडा पाऊण असे व्याजाचे दर कोरून ठेवले आहेत. जुन्नरच्या दात्यांत मला वैद्य सापडला नाही. पण पितळखोऱ्याला मागिल नावाचा राजवैद्य आपले दान कोरून ठेवतो, आणि कोकणात कुड्याच्या लेण्यात वैद्य इसिरखिताचा मुलगा वैद्य सोमदेव एक लेणेच देतो. बापही वैद्य, मुलगाही वैद्य! धंदा चांगला चालला होता, हे उघड आहे. पण मागिल राजाचा वैद्य होता, हे ध्यानात घ्या. त्याचे दान ज्या पैशांतून झाले तो पैसा कण्हणाऱ्या शेतकऱ्याच्या कनवटीचा असेल, असे मला वाटत नाही.

पेशवाईत हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांना जी प्रस्तावना लिहिली, तीत नाशिकच्या एका गुजराती वैद्याचा उल्लेख आहे. तो लोकांना फुकट औषध देई, म्हणून सरकारने त्याला जहागीर दिली आणि ती पुढे त्याच्या मुलाकडे चालू ठेवली. वाईला एका वैद्याकडे औषधी वनस्पती लावण्यासाठी बाग होती. औषध रोग्याला फुकट, वैद्याचे पोट मात्र जमिनीवर. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना मला त्या नाशिककर वैद्याची नात वाटते. रोगी गरीब, बिल सरकारचे. फरक इतकाच, की जहागिरीचा वसूल सुगीला घरी येई, आणि आताच्या रुग्णालयाला दाव्याचे कागद पुढे करून पैशांची वाट पाहावी लागते.

बागेवरून हिवऱ्याची आठवण होते. हिवरे आमच्या जुन्नर तालुक्यातले. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारचा शल्यवैद्य म्हणून इकडे आला. जन्म १८०० सालचा, शिक्षण एडिंबरोचे. कंपनीच्या डॉक्टरला पगार असे, भत्ते असत, शिवाय खासगी रोगी पाहण्याची मुभा असे. मुंबई-पुण्यात बसून साहेबलोकांच्या नाड्या पाहिल्या असत्या तर गिब्सनचे काही वाईट झाले नसते. त्याच्या वाट्याला आले दख्खन आणि खानदेशातले देवी टोचण्याचे काम. देवीची लस मुंबईत प्रथम १८०२ साली टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर ती गावोगाव नेण्यासाठी पगारी माणसे नेमावी लागली, कारण धडधाकट पोराच्या दंडावर जखम करून घेण्यासाठी कोणता बाप पदरचे पैसे मोजणार? रोग होऊच नये म्हणून करायच्या कामाला गिऱ्हाईक नसते. अशा डॉक्टरला पोसायचे तर ते सरकारनेच.

१८३८ च्या अखेरीस गिब्सनकडे पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग आली. त्याच दापोडीला त्याच वर्षी जुलैत मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट वारला होता. ज्याच्या नावाने १८४५ साली मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तोच हा. दापोडीला जोडून गिब्सनने हिवऱ्याला औषधी झाडांची लागवड चालवली. सोनामुखी, खुरासनी ओवा अशी पिके इथल्या मातीत काढून तो सरकारी औषधभांडाराला माल पुरवू लागला. विलायतेहून औषध मागवायचे तर महिनोन्‌महिने जहाजात पडून राहणार, शिवाय त्याचे दाम वेगळे. हिवऱ्याची पुडी घरची. डॉक्टरकीत पैसा वाढवण्याचा मार्ग म्हणजे फी वाढवणे, असे आपण धरून चालतो. या गृहस्थाने खर्चाच्या बाजूला हात घातला. मला त्याचे कौतुक वाटते ते यासाठी.

त्याची स्वतःची चढती मात्र नाडीपरीक्षेने झाली नाही. १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचा तो पहिला प्रमुख रक्षक झाला आणि १८६० पर्यंत राहिला. सह्याद्रीच्या उतारांवरची झाडे तुटली की झरे आटतात, हे तो सरकारला पुनःपुन्हा लिहून कळवी. १८६१ साली डॅल्झेलबरोबर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. १८६७ साली तो वारला.

पण त्याच जंगलाकडे डोंगरातल्या महादेव कोळ्याच्या नजरेने पाहिले, की हिशेब उलटा होतो. भीमाशंकराच्या बाजूला हिरड्याची झाडे. उन्हाळ्यात बायकामुले बाळहिरडा झोडपून गोळा करतात, वाळवतात, आणि व्यापारी सांगेल त्या भावाने घालतात. त्याच हिरड्याचे चूर्ण शहरात सुबक डबीत बसते आणि डबीवरची किंमत पाहिली तर गोळा करणारणीला हसू येईल. औषध पिकवणारी तीच, आजारी पडणारी तीच, आणि वैद्याची बिदागी देणारीही तीच.

माझ्या आईचे चुलते घोडेगावला वैद्यकी करीत. आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावच. मूळचे आंबेगाव पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्यांची चोपडी माझ्याकडे आहे. तीत रुपये क्वचित दिसतात. आहुप्याचा माणूस, ताप, तीन पुड्या, हिरडा दोन पायल्या. तेरुंगणची बाळंतीण, काढा, वरई. हिरडा आला की आजोबा तो कुटून चूर्ण करीत आणि पुढच्या रोग्याला देत, म्हणजे एकाची बिदागी दुसऱ्याचे औषध होई. नदीकाठच्या चार एकरांवर त्यांचे घर चाले, आणि वैद्यकी चाले तीही त्या चार एकरांच्याच जिवावर. चोपडीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘बाकी’.

१९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची सरकारी नोंदणी सुरू झाली. आजोबांनीही नाव नोंदवले आणि आलेला कागद काचेत घालून ओसरीवर लावला. आजी सांगे, की तो पाहून एक म्हातारा दारातच थबकला. “वैद्यबुवा, सरकारचा शिक्का आला. आता तुमचा भाव वाढला असंल?”

“वाढला ना,” आजोबा म्हणाले, “आधी मागचं फेड.”

म्हातारा हसत आत येऊन बसला. त्या दिवसाच्या पानावर खोकल्याच्या चार पुड्या आहेत, आणि समोर लिहिले आहे : नाचणी एक अधोली, बाकी.