कानसेनांची फसगत आणि लेबलावरचं मौन

आज एक जरा वेगळं प्रकरण सांगतो. वरवर पाहिलं तर शंभर-सव्वाशे डॉलरला एक रेकॉर्ड घेणाऱ्या मूठभर हौशी लोकांचं भांडण. आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला नेमकं किती सांगायला हवं, हा प्रश्न इतका स्वच्छ उघडा पडलेलं दुसरं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्याकडूनच करू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या तिच्या तबकड्या ऐकल्यात तर गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. बऱ्याच जणांना तो बाईंचा ठसका वाटतो. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला ही कोणाची तबकडी हे कळून बरोबर लेबल लागावं म्हणून गायकाने नाव पुकारायचं. म्हणजे माल कोणाचा याची ग्वाही मालातच कोरलेली! एकशेवीस वर्षांपूर्वीची ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता रेकॉर्ड बनते कशी ते थोडक्यात. स्टुडिओत ध्वनिमुद्रण होऊन शेवटी जी टेप तयार होते ती मास्टर टेप. ही टेप वाजवून तिच्या आवाजाने एक कोरणारी सुई हलवायची आणि लॅकरचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरायची. त्या लॅकरवर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढतात, त्याला म्हणतात फादर. फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परने गरम व्हिनाईल दाबून तुमच्या-आमच्या घरी येणारी तबकडी. दर पायरीला थोडंसं काहीतरी निसटतं. कानसेनांचा सगळा जीव या पायऱ्यांत अडकलेला असतो. पायऱ्या जितक्या कमी, तितके आपण मूळ गाण्याच्या जवळ, हा त्यांचा धर्म.

१९७३ च्या तेलसंकटानंतर व्हिनाईल महागलं, कारण ते पेट्रोलियमपासूनच येतं. अमेरिकन कंपन्यांनी तबकड्या पातळ केल्या, जुनं व्हिनाईल वितळवून पुन्हा वापरलं. गाण्यापेक्षा खरखर जास्त. अशा वेळी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोबाईल फिडेलिटी नावाची छोटी कंपनी उभी राहिली, चाहते तिला 'मोफाय' म्हणतात. तिने ठरवलं की गाजलेले अल्बम मूळ मास्टर टेपवरून पुन्हा काढायचे. टेप आणि कोरणारं यंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवायचं, म्हणजे सुईला बारीक, उंच सूर कोरायला दुप्पट वेळ मिळतो. छपाई जपानमध्ये जेव्हीसीकडे, खास व्हिनाईलवर. आणि कव्हरच्या माथ्यावर एक पट्टी: 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग'. ही पट्टी म्हणजे पुढे सोन्यावरचा हॉलमार्क झाली.

याच सुमारास एक गंमत घडत होती. १९७८ मध्ये टेलार्क या अमेरिकन कंपनीने वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण डिजिटल यंत्रावर केलं. १९७९ मध्ये राय कूडरचा अल्बम आला, मोठ्या कंपनीने काढलेला पहिला डिजिटल रॉक अल्बम म्हणून तो ओळखला जातो. हे सगळं विकलं गेलं एलपीवरच, आणि कव्हरवर 'डिजिटल' हा शब्द ठसठशीत छापून. तेव्हा ती मिरवायची गोष्ट होती! इतकंच नाही, रेकॉर्ड कोरताना पुढे येणारा आवाज किती मोठा आहे हे यंत्राला किंचित आधी कळावं लागतं, म्हणजे ते खाचांमधलं अंतर बेताचं ठेवतं. त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच स्टुडिओंनी आवाज क्षणभर डिजिटल यंत्रात अडकवून मग सुईकडे पाठवायला सुरुवात केली. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी 'शुद्ध ॲनालॉग' एलपींमध्ये डिजिटल आधीच शिरलेलं आहे. त्या आपण आजही डोळे मिटून ऐकतो.

१९८२ मध्ये सीडी आली. सीडीवाल्यांनी एक चांगली पद्धत पाडली. कव्हरवर तीन अक्षरं: 'एएडी', 'एडीडी', 'डीडीडी'. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिश्रणाचं, तिसरं मास्टरिंगचं. 'ए' म्हणजे ॲनालॉग, 'डी' म्हणजे डिजिटल. तीन अक्षरांत मालाची कुंडली. घेणाऱ्याने घ्यावं, नको असेल त्याने ठेवून द्यावं. पुढे तंत्र इतकं गुंतागुंतीचं झालं की तीन अक्षरांत ते मावेना, आणि पद्धत मागे पडली. पण सांगायचं ठरवलं तर सांगता येतं, हे सिद्ध झालं होतं.

मग एलपी मेलीच म्हणायची. मोफाय १९९९ मध्ये बंद पडली, २००१ मध्ये नव्या मालकाने घेतली. आणि हळूहळू चक्र उलटं फिरलं. २००८ पासून दरवर्षी रेकॉर्ड स्टोअर डे साजरा होऊ लागला. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख एलपी विकल्या गेल्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. नगांच्या हिशोबात एलपीने सीडीला मागे टाकलं, ते १९८७ नंतर पहिल्यांदाच.

या लाटेवर मोफायने २०१६ मध्ये 'वन-स्टेप' मालिका आणली. फादर, मदर या पायऱ्या गाळायच्या, लॅकरवरून थेट छापायचा साचा. पहिली तबकडी सांतानाची 'अब्राक्सस', फक्त २,५०० प्रती. हां हां म्हणता संपल्या. दुय्यम बाजारात भाव कितीतरी पटींनी चढले. लोक न फोडताच कपाटात ठेवायला लागले, गुंतवणूक म्हणून. (ऐकण्यासाठी घेतलेली वस्तू न ऐकता ठेवायची, यावर एक वेगळी पोस्ट होईल.)

आणि २०२२ मध्ये कंपनीने मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० वन-स्टेप प्रती काढायचं जाहीर केलं. इथे हिशोब करणाऱ्यांनी हिशोब केला. वन-स्टेपमध्ये एका लॅकरवरून साधारण हजारभरच प्रती निघतात. ४०,००० प्रतींसाठी दर बाजूला चाळीसेक लॅकर कोरायला हवेत, म्हणजे मास्टर टेप तितक्या वेळा वाजवायला हवी. टेप दर वाजवण्याला झिजते. जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमची टेप कुठली कंपनी अशी झिजवू देईल?

जुलै २०२२ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्सचे एक रेकॉर्ड दुकानदार, माइक एस्पोझिटो, यांनी व्हिडिओ टाकून सांगितलं की आपल्या खात्रीच्या माहितीनुसार मोफाय मधे डिजिटल प्रत वापरते. काही दिवसांतच कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या आपल्या स्टुडिओत बोलावलं, आणि तिथे अभियंत्यांनी कॅमेऱ्यासमोर ते मान्य केलं. मूळ टेपवरून 'डीएसडी' या उच्च दर्जाच्या डिजिटल पद्धतीने प्रत घ्यायची आणि लॅकर त्या प्रतीवरून कोरायचा. मग वॉशिंग्टन पोस्टने ऑगस्टमध्ये मोठा वृत्तांत छापला, त्यातून कळलं की हे २०११ पासून चाललंय. एक अपवाद सोडला तर वन-स्टेपच्या सगळ्या तबकड्या अशाच.

हाहाकार उडाला! कारण 'डिजिटलचा एक थेंबही मला लगेच कळतो' म्हणणारे जाणकार अकरा वर्षं याच तबकड्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. खटले झाले. कंपनीने संदिग्ध भाषा वापरल्याबद्दल माफी मागितली, आणि २०२३ मध्ये प्रकरण अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. रेकॉर्ड परत करून पैसे घ्या, किंवा रेकॉर्ड ठेवून थोडी भरपाई घ्या.

यावर दोन तट पडले. एक तट म्हणतो, 'तुमच्या कानांना कळलंच नाही ना, मग तक्रार कसली?' दुसरा म्हणतो, 'डिजिटल म्हणजे बाटलं, संपलं.' मला दोन्ही पटत नाहीत.

दुसऱ्या तटाला आधी उत्तर देतो. डीएसडी प्रत घेण्यामागे सबळ कारण होतं. १ जून २००८ ला हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओला आग लागली, त्यात मास्टर टेपांचं कोठार जळालं. नेमकं किती गेलं यावर अजून वाद आहे, पण गेलं ते परत येणारं नाही. अशा परिस्थितीत टेपा ट्रकमध्ये घालून देशभर फिरवायला कंपन्या नाखूश असतात, आणि ते योग्यच आहे. यंत्र टेपपाशी न्यायचं, एकदाच नीट वाजवून उत्तम प्रत घ्यायची आणि टेप परत थंड खोलीत ठेवायची, हा शहाणपणा आहे. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. डीएसडीच्या वरच्या प्रकारात, एकेका बिटाचे का होईना, एक कोटीहून अधिक नमुने घेतात. कान फसले यात कानांची नामुष्की कमी आणि अभियंत्यांचं यश जास्त आहे.

आता पहिला तट. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा घालून विकला आणि तो गोड निघाला, तर फसवणूक झाली नाही म्हणायचं का? गिऱ्हाइकाने पैसे नुसत्या गोडीचे मोजलेले नसतात, 'देवगड' या शब्दाचेही मोजलेले असतात. आता मोफायला न्याय द्यायचा तर त्यांची पेटी खोटी नव्हती. मूळ टेप खरोखरच वापरली होती, 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' हे शब्दशः खरंच होतं. पण वन-स्टेपच्या पत्रकावर लॅकरपासून तबकडीपर्यंतच्या पायऱ्या चित्र काढून दाखवल्या होत्या, आणि टेप ते लॅकर यांच्या मधली डिजिटल पायरी मात्र त्या चित्रात नव्हती. लोकांचा काय समज होतोय हे कंपनीला ठाऊक होतं आणि त्या समजावर माल चढ्या भावाने विकला जात होता. खोटं न बोलता गप्प राहून जी कमाई होते, तिला नाव काय द्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आपल्या दारात येऊन ठेपलाय. आपल्याकडेही जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या एलपी नव्याने निघतायत, दोन-अडीच हजारांच्या पुढे भाव. माझ्याकडे अशा पाच-सहा आहेत. एका कंपनीची (नाव घेत नाही) तबकडी घरी आणून जुन्या प्रतीशेजारी लावून ऐकली. सूर गुळगुळीत, तबल्याच्या चाटीवरची धार गेलेली. कव्हरवर काय लिहिलंय? '१८० ग्रॅम'. 'रीमास्टर्ड'. बस्स. वजन सांगितलं, वंश नाही! कुठल्या टेपवरून, कोणी, कुठे कोरलं, अवाक्षर नाही. कंपनीला दोनदा ईमेल केली, उत्तर नाही.

यात कायद्याची एक बाजूही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. (गीत-संगीताचा हक्क वेगळा, तो जास्त टिकतो.) म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं ध्वनिमुद्रण आज मोकळं आहे, पण त्याची टेप मात्र जिच्या ताब्यात आहे त्या कंपनीच्याच कपाटात. उद्या कोणी गीत-संगीताची परवानगी मिळवून, बाजारातली सीडी घेऊन तिच्यावरून एलपी छापली आणि '१८० ग्रॅम' म्हणून विकली, तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कापोटी त्याला कोणी अडवणार नाही. अडवावं असंही माझं म्हणणं नाही. फक्त 'सीडीवरून छापली' एवढं त्याने लिहावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. ज्या राज्यात ग्राहक पंचायतीसारखी चळवळ रुजली, तिथल्या गिऱ्हाइकांनी तरी हा हक्क तेल-डाळीपुरता ठेवू नये.

मोफायने प्रकरणानंतर काय केलं माहितीये? प्रत्येक तबकडीसमोर टेपचा प्रकार, तिचा वेग, मधली डीएसडी प्रत, सगळी साखळी वेबसाइटवर लिहायला लागली. एक ओळ पुरते त्याला. आणि तबकड्या अजूनही विकल्या जातायत. म्हणजे खरं सांगितल्याने धंदा बुडाला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी महागडी पुनर्मुद्रित एलपी घ्याल तेव्हा दुकानदाराला चारच गोष्टी विचारा: मूळ टेप की तिची प्रत, मधे डिजिटल पायरी आहे का, कोरली कोणी, छापली कुठे. त्याला माहीत नसेल तर कंपनीला विचारायला सांगा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याला कव्हरवर छापलेलं मिळेल. गौहर जानच्या तबकडीवर १९०२ मध्ये जेवढी माहिती होती, तेवढी तरी आजच्या अडीच हजारांच्या तबकडीवर असायला हरकत नाही.