व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना शेअर्ड शीट आणि ई-ऑफिस कशाला?

बिलोलीत कार्यालयातल्या मंडळींना कॉम्प्युटर शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: "सर, ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना कळतंच की. मग हे आणिक नवीन कशाला?" प्रश्न रास्त आहे. मला त्याचं उत्तर माझ्याच एका चुकीतून मिळालं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

अतिवृष्टीनंतर पीक नुकसानीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. (पदांची नावं आता बदलली, पण गावात जुनीच चालतात.) तिघंही वेगवेगळ्या खात्यांचे. एका वर्षी त्यांच्या याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे होतं. एक्सेलची फाइल ग्रुपवर फिरत होती. ज्याने त्याने ती आपल्या फोनवर उतरवली, दुरुस्त केली, परत टाकली. दोन दिवसांत 'यादी फायनल', 'यादी फायनल नवीन' आणि 'यादी फायनल नवीन 2' अशा तीन फाइली जमल्या. मी सगळ्यात शेवटी आलेली पुढे पाठवली. पण ती मुळात जुन्या यादीवरच दुरुस्त केलेली होती. अकरा शेतकऱ्यांची नावं गळली. त्यातले एक आजोबा पासबुक घेऊन तीनदा आले. शेजारच्या बांधावरच्या माणसाला पैसे मिळाले होते, त्यांना नाही. काय सांगणार?

व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली की तिची प्रत जाते. पंधरा जणांना पाठवली की पंधरा प्रती, आणि कोणती खरी ते कुणालाच ठाऊक नाही. गूगल शीटसारख्या शेअर्ड शीटमध्ये फाइल एकाच जागी राहते, माणसं तिच्याकडे येतात. आवक-जावक रजिस्टरचं पाहा ना. त्याच्या झेरॉक्स काढून वाटत नाही आपण, टेबलापाशी जाऊन नोंद करतो. तसंच हे.

लिंक देताना तीन अधिकार असतात: नुसतं बघणं, शेरा लिहिणं आणि बदल करणं. बदलाचा अधिकार मोजक्यांनाच द्या. कॉम्प्युटरवर 'व्हर्जन हिस्टरी' उघडलं की कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं, आणि जुनी स्थिती परत आणता येते. शिवारात नेटवर्क नसेल तर निघण्याआधीच शीट ऑफलाइन करून ठेवा. केलेले बदल नेटवर्क आल्यावर आपोआप चढतात. मात्र दोघांनी एकच रकाना बदलला तर एकाचं लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून प्रत्येक गावाला वेगळं पान ठेवा. आणि आधार क्रमांक, बँक खातं यात अजिबात नको. 'लिंक असलेला कोणीही' असं शेअर केलेलं पान कुठवर जाईल सांगता येत नाही. ती माहिती सरकारी पोर्टलवरच भरायची.

शीट कच्च्या कामासाठी. निर्णय आणि मंजुरीसाठी ई-ऑफिस. हे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने बनवलेलं आहे. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, कितीतरी फाइली जळाल्या. कागदावरच विसंबून राहणं किती महागात पडतं ते तेव्हा राज्याला कळलं. ई-ऑफिस शिकायला जड नाही, कारण त्यात शब्द आपल्याच दप्तरातले: आवक, नस्ती, टिपणी. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची, ती बदलता येते. हिरवी टिपणी पुढे पाठवली की तिच्यात खाडाखोड नाही. नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे तेही दिसतं. (काहींना नेमकं हेच आवडत नाही!)

साहेब लोकांना एक विनंती. ऑनलाइन मंजुरी देऊन वर "प्रिंट काढून सहीला आणा" म्हणू नका. कर्मचाऱ्याचं काम दुप्पट होतं आणि मग तो नव्या पद्धतीलाच नावं ठेवतो. पद्धत वापरात आणायची तर पहिली टिपणी साहेबांनी स्वतः टाइप करावी, चार चुका झाल्या तरी चालतील.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. "उद्या अकराला मीटिंग" सांगायला त्याच्यासारखं काही नाही. आमच्या ग्रुपवर आता एवढाच नियम आहे: फाइल टाकायची नाही, फक्त लिंक. कोणी चुकून फाइल टाकलीच, तर तिच्याखाली लगेच कोणीतरी विचारतं, "ही कितवी फायनल?"