तंजावरचे क्लॅरिनेट : दरबारातून महोत्सवाच्या अध्यक्षपदापर्यंत

१/ डिसेंबर २००८. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीचा वार्षिक संगीत महोत्सव. मार्गळी महिन्यातील या महोत्सवाचे अध्यक्षपद आणि 'संगीत कलानिधी' हा किताब त्या वर्षी ए. के. सी. नटराजन यांना मिळाला. त्यांचे वाद्य होते क्लॅरिनेट. महाराष्ट्रात ज्या वाद्याची ओळख मुख्यतः वरातीच्या बँडपुरती उरली, ते कर्नाटक संगीताच्या या व्यासपीठावर कसे पोहोचले? या प्रवासाचा उगम एका मराठी राजदरबाराच्या नगरीत आहे.

२/ क्लॅरिनेटचा जन्म १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात झाला. योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्यकारागिराने 'शालुमो' नावाच्या साध्या वाद्यात सुधारणा करून ते घडवले, असे मानले जाते. सनई व नागस्वरम यांना जोडपाती असते. क्लॅरिनेटला एकच पाती. लष्करी बँडमध्ये या वाद्याला मानाचे स्थान मिळाले आणि युरोपीय पलटणींबरोबर ते हिंदुस्थानात आले.

३/ आता तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. त्या घराण्यातील सरफोजी राजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता जवळजवळ किल्ल्यापुरती उरली. सैन्य व महसूल हातचे गेलेल्या या राजाने आपले सामर्थ्य विद्येकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट त्यांच्याच काळातली. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता.

४/ याच परिसरात, कावेरीकाठी तिरुवैयारूला त्यागराज कृती रचत होते. दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलु हे चौघे बंधू नृत्याची शिस्त बांधत होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, आज भरतनाट्यमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेला क्रम याच बंधूंच्या नावे ओळखला जातो. स्वतः सरफोजी राजांच्या नावे नृत्यासाठीच्या मराठी निरूपणरचना सरस्वती महालात जतन केलेल्या आहेत. युरोपातून आलेले व्हायोलिन कर्नाटक संगीतात स्थिरावले, तेही याच पिढीत.

५/ त्या काळी या नृत्याला 'सदिर' म्हणत. त्याचा वाद्यवृंद म्हणजे 'चिन्न मेळम', लहान ताफा. नागस्वरम व तविल यांचा 'पेरिय मेळम', म्हणजे मोठा ताफा. चिन्न मेळममध्ये मुखवीणा नावाचे छोटे, जोडपातीचे सुषिर वाद्य असे. हळूहळू तिची जागा क्लॅरिनेटने घेतली. याचे श्रेय एक परंपरा चिन्नय्यांना देते. दुसरी १८६० च्या सुमारासच्या महादेव नट्टुवनारांना. दोन्ही परंपरा बोट मात्र तंजावरच्या नट्टुवनारांकडेच दाखवतात.

६/ क्लॅरिनेटच का? सदिरचे वादक नर्तकीच्या मागे उभे राहत आणि तिच्यासवे पुढे-मागे सरकत. उभ्याने, चालत वाजवता येणारे, गायिकेच्या गळ्याशी मिळणारे आणि हवे तेव्हा आवाज मृदू करता येणारे वाद्य त्यांना सोयीचे होते. पलटणीत संचलनासाठी घडलेले वाद्य नर्तकीच्या पावलांमागे चालू लागले.

७/ वादकापुढची अडचण मात्र मोठी होती. कर्नाटक संगीताचा प्राण गमकात. क्लॅरिनेटच्या चाव्या सुटे, ठाम स्वर देतात. शिवाय नागस्वरमची फुंक वाढवली की स्वर एक सप्तक चढतो, तर क्लॅरिनेटचा स्वर सप्तक ओलांडून वरच्या पंचमावर जातो. म्हणजे वरच्या पट्टीत बोटांचे गणितच बदलते. ओठांचा दाब आणि अर्धवट झाकलेली छिद्रे यांच्या आधाराने मींड व आंदोलन काढण्याची रीत वादकांनी घडवली.

८/ १८५५ मध्ये शिवाजी राजे दुसरे औरस पुत्राविना निवर्तले. डलहौसीच्या कारभारात संस्थान खालसा झाले आणि कलावंतांचा मुख्य आश्रय तुटला. कोणी मद्रासला गेले, कोणी इतर संस्थानांत. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व वादकही आले.

९/ पुढचा आघात सामाजिक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ उभी राहिली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मुलींच्या शोषणाचा प्रश्न विधिमंडळात नेला. बंगळूर नागरत्नम्मांसारख्या कलावतींनी आपली कला व उपजीविका हिरावली जाईल म्हणून विरोध नोंदवला. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली. शोषणाची एक वाट बंद झाली, हे खरे. त्याच वेळी वंशपरंपरागत कलावंत घराण्यांचे व्यासपीठही गेले, हेही खरे.

१०/ दरम्यान नृत्य नव्या हाती गेले. १९३० च्या दशकात सदिरचे नाव 'भरतनाट्यम' झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये अड्यारला पहिला जाहीर प्रयोग केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन केले. वादक आता रंगमंचाच्या एका बाजूला बसू लागले. क्लॅरिनेट गेले, बासरी आली. नृत्याला प्रतिष्ठा मिळत असताना जुन्या ताफ्याची खूण असलेले वाद्य बाहेर पडले.

११/ ए. के. सी. नटराजन यांचा जन्म १९३१ चा, म्हणजे नेमका या स्थित्यंतरातला. त्यांनी नागस्वरमची तालीम घेतली आणि ती क्लॅरिनेटवर उतरवली. साथीचे वाद्य त्यांनी स्वतंत्र मैफलीचे केले. नागस्वरमसम्राट टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी त्यांना 'क्लॅरिनेट एव्हरेस्ट' म्हटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१२/ म्हणून २००८ च्या महोत्सवातील ते अध्यक्षपद एका कलावंताच्या सन्मानापुरते नव्हते. याच म्युझिक अकॅडमीने १९३० च्या दशकात सदिरला मंच दिला होता आणि नव्या नावाला मान्यताही दिली होती. त्या बदलात नर्तकीच्या मागून ज्या वाद्याची जागा गेली, त्याचा वादक आता त्याच संस्थेच्या महोत्सवाचा अध्यक्ष होता. नर्तकीमागे उभे राहून आयुष्य वेचलेल्या बहुतेक क्लॅरिनेटवादकांची नावे मात्र आज कोणाच्या ओठी नाहीत. पुढच्या वेळी वरातीत क्लॅरिनेट ऐकू आले, तर त्यांची आठवण ठेवावी.

#तंजावर #मराठा_इतिहास #संगीत